सूर पाहिजे, भीम नको!

माझी आत्या जाझबरोबर गायली. हसू नका.

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातली, गोदाकाठच्या गावची बाई. साठी उलटलेली, खुरपणीला जाणारी, अंगठेबहाद्दर. गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका थंडगार हॉलमध्ये तिला आणि तिच्यासोबतच्या चार बायांना उभं केलं होतं. शेजारी सॅक्सोफोन, ड्रमसेट, माणसाएवढा डबल बेस आणि एक पियानो. त्याचं नुसतं झाकण आमच्या गावाकडच्या घराच्या दारापेक्षा मोठं. तिकीट दीड हजारापासून पुढं. मी भाचा म्हणून मागच्या दारानं फुकट. गोदीतली दिवसपाळी करून तसाच गेलो होतो. अंगाला ग्रीसचा वास. शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं आणि पर्स मांडीवर घेतली.

कार्यक्रम कुणाचा, हॉल कुठला, ते लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे नामानिराळे सुटतात. आत्याचंही नाव लिहीत नाही. त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढं सांगतो.

हातात दिलेल्या पत्रकावर सॅक्सोफोनवाल्याचं नाव, त्याचा देश, तो कुणाकडं शिकला, सगळं होतं. बेसवाल्याचं होतं. दिवे कुणी लावले त्याचंही होतं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: 'मराठवाड्यातील ग्रामीण महिला'. बास. पाच बाया मिळून एक जातिवाचक नाम.

तालमीत काय झालं ते आत्यानं सांगितलं. तिनं जात्यावरची ओवी धरली. आमच्याकडं पहिली ओवी भीमाला, दुसरी रमाईला, तिसरी बुद्धाला. पिठाची गिरणी गावात आली, जातं कोपऱ्यात पडलं, तरी ओवी तोंडात राहिली. संयोजक खादीवाले, गोड बोलणारे. म्हणाले, "मावशी, सुंदर. फक्त ते बाबासाहेबांचं इथं नको. वातावरण पोलिटिकल होतं. पाऊस घ्या, सासुरवास घ्या, विठ्ठल घ्या."

विठ्ठल घ्या! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, तिथून पुढं गावोगावच्या आमच्या आज्यांनी देव्हारे रिकामे केले. म्हसोबा, मरीआई, विठोबा, सगळे गोदावरीत. आणि आता तोच विठोबा सॅक्सोफोन वाजवत परत दारात उभा! का, तर दीड हजार रुपये देऊन बसलेल्याला 'मातीचा वास' पाहिजे. मातीचा वास पाहिजे, पण ती माती कुणाची, सातबारा कुणाच्या नावावर, हे विचारणारा शब्द नको.

आत्यानं पाऊस गायला. सासुरवास गायला. टाळ्या पडल्या. आणि शेवटी, कुणाला न विचारता, तिनं भीमाची ओवी धरली. बाकीच्या चौघींनी उचलली. मला वाटलं आता सगळं फिस्कटणार. पण सॅक्सोफोनवाला गडबडला नाही. त्याला शब्द कळत नव्हते, बदललेला आवाज कळला. तो तिच्या मागं मागं निघाला, आडावरून येणाऱ्या बाया एकीमागं एक चालतात तसा. ती थांबली तिथं तो थांबला. तिचा शेवटचा सूर त्यानं उचलला, थोडा पुढं नेला आणि परत तिच्या स्वाधीन केला. चार मिनिटं. संबंध रात्रीत तेवढंच खरं गाणं झालं.

नंतर मागच्या बाजूला, जेवणाच्या डब्यांपाशी, त्या माणसानं विचारलं की शेवटचं गाणं कशाचं? दुभाषी मुलगी इंग्रजीत म्हणाली, तिकडचा कुणी स्थानिक देव आहे.

माझं इंग्रजी मॅट्रिकचं. पण तेवढ्यापुरतं निघालं. "नो गॉड. डॉक्टर आंबेडकर. कोलंबिया युनिव्हर्सिटी, न्यूयॉर्क." त्यानं मोबाईल काढला आणि माझ्याकडून नाव टाइप करून घेतलं. मुलगी खजील झाली. तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

महिन्याभरानं कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. पाऊस आहे. सासुरवास आहे. मग एकदम टाळ्या. ती चार मिनिटं नाहीत.

म्हणून हे लिहितोय.

मी जालन्याचा आणि काम गोदीत. त्यामुळं फ्यूजन म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. परदेशातलं भंगार बोटीनं आपल्या बंदरात उतरतं. फुटके पाइप, गाड्यांचे सांगाडे, कुठल्या कुठल्या देशाचं मोडकं लोखंड. ते ट्रकनं जालन्याच्या भट्ट्यांकडं जातं, वितळतं, सळई होऊन बाहेर पडतं. ती सळई महाराष्ट्रभर इमारतींच्या पोटात जाते. भट्टीपाशी कोण उभं असतं? पाऊस पडला नाही म्हणून गाव सोडलेलं पोरगं, बिहारचा नाहीतर आमच्याच जिल्ह्याचा. आणि सळईवर शिक्का कुणाचा? मालकाचा.

वितळायला माझा विरोध नाही. लोखंड वितळल्याबिगर नवं होत नाही. माझं भांडण शिक्क्याचं आहे.

आता आपल्यातल्या काही शहाण्यांशी. हे म्हणतात, जाझ हे मोठ्या हॉटेलात दारू पिणाऱ्यांचं संगीत, आपला काय संबंध? दोस्तांनो, हे अज्ञान आहे. जाझ ही गुलामांच्या नातवंडांची निर्मिती आहे. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला, त्यात ढोल वाजले. पुढल्याच वर्षी कायदा झाला: गुलामानं ढोल वाजवायचा नाही. आपल्याकडं उलटं. मांगवाड्यानं हलगी वाजवलीच पाहिजे. पाटलाचं लगीन असो, नाहीतर पोळा, नाहीतर दवंडी. नाही म्हणाल तर गावात राहणं मुश्कील. तिथं वाजवायला बंदी, इथं वाजवायची सक्ती. चाबूक एकाच जातीचा.

आणि त्यांच्या गाण्याचं काय झालं बघा. जाझची पहिली रेकॉर्ड १९१७ साली निघाली. वाजवणारे पाच जण, पाचही गोरे. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्यांनी घडवलेलं संगीत पहिल्यांदा बाजारात आलं ते गोऱ्यांच्या नावावर! चार्ल्स मिंगस नावाच्या काळ्या बेसवाल्यानं अर्कान्सासचा गव्हर्नर फॉबस याच्यावर गाणं केलं. हा फॉबस म्हणजे १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी पोरं जाऊ नयेत म्हणून बंदूकधारी सैनिक उभे करणारा. मिंगसच्या १९५९ च्या रेकॉर्डवर या गाण्याची नुसती चाल आहे, शब्द नाहीत. कंपनी मोठी होती. शब्दांसकट गाणं दुसऱ्या वर्षी निघालं, दुसऱ्या छोट्या कंपनीकडून. सूर चालतो, शब्द चालत नाही. माझ्या आत्याच्या चार मिनिटांची गोष्ट आणि ही गोष्ट एकच नाही काय? अंतर साठ-पासष्ट वर्षांचं, कात्री तीच.

लुई आर्मस्ट्राँगला अमेरिकन सरकार रशियाला पाठवत होतं, जगाला दाखवायला की बघा आमच्याकडं काळे कसे आनंदात गातात. लिटल रॉक झालं तेव्हा, १९५७ सालीच, त्यानं जायला नकार दिला. आपल्या लोककलावंतांना परदेशी पाहुण्यांपुढं नाचवणाऱ्या सरकारला असा नकार द्यायला आपण कधी शिकणार?

१९७२ साली दलित पँथर निघाली, नाव घेतलं ब्लॅक पँथरचं. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. म्हणजे तार जुनीच आहे. पण त्यांचं गाणं आपल्या वस्तीत पोचलं नाही. ते दक्षिण मुंबईत उतरलं आणि तिथंच राहिलं. १९७८ च्या सुरुवातीला मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जाझ यात्रा भरली. सनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. वीस वर्षांआधी, १९५८ साली, 'फ्रीडम सूट' नावाची रेकॉर्ड काढणारा माणूस. त्याच १९७८ च्या २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. माणसं मारली. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तोही नामांतर नव्हे, नामविस्तार. धोबीतलाव ते जालना चारेकशे किलोमीटर. एकाच राज्यात, एकाच वर्षी, इकडं स्वातंत्र्याचा सॅक्सोफोन आणि तिकडं जळणाऱ्या झोपड्या. या दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. घालून देणारे रंगभवनात नव्हतेच.

आता दुसऱ्या टोकाचे शहाणे. हे शुद्धतावाले. लोकसंगीत शुद्ध राहावं, त्यात परदेशी वाद्य नको, म्हणतात. शुद्ध! हा शब्द कुठल्या पोथीतला आहे ते आपल्याला कुणी सांगायला नको. आपलं काय शुद्ध होतं? आंबेडकरी जलशानं तमाशाची गण-गवळण मोडून तिच्यात चळवळ घातली. प्रल्हाद शिंद्यांनी कव्वाली उचलली आणि भीमाची कव्वाली चाळीचाळीत गेली. वामनदादा कर्डकांची गाणी ढोलकीवर गायली, पेटीवर गायली, बेंजोवर गायली. पेटी कुठली? हार्मोनियम फ्रान्सची. बेंजो कुठला? मुंबईच्या गल्लीत गणपतीपुढं, जयंतीपुढं वाजतो तो बेंजो मूळचा जपानचा. कॅसिओ तर उघडच जपानी. हे सगळं बोटीनंच आलं असणार, आणि आमच्यासारख्याच कुणीतरी पाठीवर घेऊन उतरवलं असणार. आम्ही जगाचं संगीत केव्हाच वाजवत होतो. त्याला कुणी 'वर्ल्ड म्युझिक' म्हटलं नाही, कारण तिकीट नव्हतं.

'वर्ल्ड म्युझिक' हे नाव तरी कुठून आलं? १९८७ साली लंडनमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी बैठक घेऊन ठरवलं, की आफ्रिकेचं, आशियाचं, लॅटिन अमेरिकेचं जे काही आहे ते दुकानात कुठल्या फळीवर ठेवायचं. म्हणजे त्यांचं संगीत ते संगीत, आणि उरलेल्या जगाचं वेगळ्या फळीवर. गावकुसाबाहेर! दुकानातही महारवाडा असतो, दोस्तांनो.

तर प्रश्न मिसळायचं की नाही हा नाहीच. प्रश्न हा की मिसळल्यावर नाव कुणाचं, शब्द कुणाचे, पैसा कुणाला. पूर्वी लग्नात वाजवलं की ओट्याखाली बसवून शिळी भाकर पदरात टाकायचे. त्याला बलुतं म्हणायचे. आता शाल, नारळ, पाकीट आणि एसटीचं भाडं. भाकरीच्या जागी शाल आली, ओटा होता तिथंच आहे. हे नवं बलुतं आहे.

आणि शब्दांसकट गाणाऱ्याला काय मिळतं? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. विलास घोगरे नावाचा शाहीर ते सोसू शकला नाही, त्यानं चार दिवसांत गळफास घेतला. सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना अटक झाली. एकाच देशात लोकगीताला हॉल आहे आणि लोकगीताला तुरुंग आहे. फरक फक्त शब्दांचा.

म्हणतील, दुसरा मार्ग तरी कुठला? आहे. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं. पा. रंजित यांच्या नीलम केंद्रानं उभं केलं. तिथल्या वस्तीतला गाना, त्याच्यासोबत रॅप, रॉक, गिटार, आणि शब्द सरळ जातीवर, आरक्षणावर. कुणी म्हणालं नाही की आंबेडकर नको. कारण बोलावणारे आणि गाणारे एकाच बाजूचे होते. पण त्यातल्याच अरिवूचं पुढं काय झालं तेही ऐका. मळ्यात राबलेल्या आपल्या आजीच्या गोष्टीवर त्यानं गाणं लिहिलं, गायलं. ते देशोदेशी वाजलं. ऑगस्ट २०२१ मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'नं मुखपृष्ठ काढलं, त्यावर त्याच गाण्यातली गायिका होती, अरिवू नव्हता. बोंब झाल्यावर त्याचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. म्हणजे बोंब मारल्याशिवाय नाव मिळत नाही, हा धडा.

आणि आपल्याच राज्यात एक काम असं झालंय की त्यापुढं या हॉलवाल्यांनी मान खाली घालावी. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखावर ओव्या, तीन हजारांवर बाया, हजारावर गावं. २०१७ पासून त्या 'परी'वर, पीपल्स आर्काइव्हवर, लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, शब्द न् शब्द. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली भीमाच्या ओव्या गायल्या. माजलगाव म्हणजे आमच्या पलीकडलं, मधी फक्त गोदावरी. त्यांच्यातलं काही कापलं नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगरच्या, कडुबाई खरात एकतारी घेऊन भीमाचं गातात आणि अख्खा महाराष्ट्र मोबाईलवर ऐकतो. म्हणजे लोकांना भीम नको आहे हे खोटं. हॉलला नको आहे.

कायदा काय म्हणतो ते एका वकील दोस्तानं मला बसून वाचून दाखवलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यात १९९४ साली गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीनं धंद्यासाठी वापर झाला तर रॉयल्टीचा हक्क आला, आणि आपलं नाव लावा म्हणायचा हक्कही आला. गाणं मोडूनतोडून बदनामी केली तर दाद मागता येते. पण खाली एक मेख मारून ठेवली आहे: संपादनासाठी नुसता तुकडा काढला तर ती बदनामी समजायची नाही. झालं! कात्रीला कायद्यात वाट ठेवलीच आहे. म्हणून कायद्यावर विसंबू नका. गाण्याआधी कागद करा.

आता आपलं स्वतःचं. हॉलवाल्यांना शिव्या घालून आपण धुतल्या तांदळाचे होत नाही. १४ एप्रिलला आपण डीजेच्या भिंती उभ्या करतो, काचा हादरतात, आणि त्या भिंतीमागं आपलीच म्हातारी ओवी म्हणते ती कुणाला ऐकू येत नाही. माझ्या आत्याच्या तोंडात किती ओव्या आहेत ते मीही कधी मोजलं नव्हतं. मुंबईचा खादीवाला गोदाकाठापर्यंत पोचला, मी घरातला असून पोचलो नाही. त्यानं चोरलं असं म्हणताना ही लाज गिळून चालणार नाही. हलगी वाजवायचं सोडलं ते बरोबर सोडलं, ती वेठ होती. पण वेठ सोडली म्हणून ताल पाटलाचा होत नाही. आपल्या अटीवर वाजवू तेव्हा ती आपलीच.

तेव्हा वस्तीवस्तीतल्या दोस्तांनो, एवढं करा. घरातल्या म्हातारीपुढं मोबाईल धरा, तिची ओवी तिच्या नावासकट, गावासकट साठवा. तिला कुणी कार्यक्रमाला नेत असेल तर सोबत जा. कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: पत्रकावर प्रत्येकीचं नाव, कुठली ओवी म्हणायची ते म्हणणारी ठरवणार, तिला विचारल्याबिगर एक मिनिटही कापायचं नाही, आणि वाजवणाऱ्याला जेवढे पैसे तेवढेच गाणारीला. सही करत नसतील तर गाडीत बसू नका. आणि सॅक्सोफोनवाला कधी भेटला तर त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत का होईना बोला. तो आपला शत्रू नाही. त्या रात्री आत्याचं ऐकणारा हॉलमधला पहिला माणूस तोच होता.

आत्याचं नाव का लिहिलं नाही ते आता सांगतो. मी विचारलं होतं, छापू का? ती म्हणाली, "नको बाबा. तीन हजार भेटले. खुरपनीचे धा-बारा रोज झाले. तू नाव छापशील आन् त्ये परत बोलावनार न्हाईत." बघा, नाव पाहिजे म्हणून मी एवढं भांडतोय आणि पोटासाठी तिलाच नाव लपवावं लागतंय. याच्यापुढं माझी अख्खी कविता फिकी आहे.

मग व्हिडिओतली चार मिनिटं गेली ते सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली. मी म्हणालो, "आत्ये, परत बोलावलं तर जाशील का?"

"जाईन की. पैशे कोन सोडतं? पर आता भीमाची शेवटाला न्हाई धरायची. पावसात घालीन, सासुरवासात घालीन. दर ओवीत त्याचं नाव घालीन. मंग काप म्हनावं, किती कापतो त्ये."

जयभीम!